डेन्मार्कच्या आडरस्त्यांवरील धडे

परदेशप्रवास ही आता केवळ धनिकांची चैन राहिलेली नाही. आपल्या शेतकरीवर्गातील पुष्कळ घरांची मुले-मुली नोकरीधंद्यानिमित्त युरोपात राहू लागली असून, त्यांच्या भेटीस गेलेली वडीलधारी मंडळी त्या निमित्ताने तिकडचा मुलूख पाहून येतात. परंतु परत आल्यावर त्यांच्या तोंडून जे वर्णन ऐकावयास मिळते ते बहुधा राजवाड्यांचे, पुलांचे व दुकानांचे असते. शेतीविषयी कोणी बोललाच तर “तिकडे सर्व कामे यंत्रे करतात, आपल्याकडे ते कसे साधावे?” एवढ्यावर तो विषय संपतो. आमच्या मते हा निष्कर्ष अपुरा आहे, आणि काहीसा घातकही आहे. यंत्र हे तिकडील शेतीचे फळ होय. त्या झाडाची मुळे फार खोल व फार जुनी आहेत. ती पाहावयाची असतील तर राजधानीत मुक्काम न करता भाड्याची मोटार घ्यावी व खेड्यापाड्यांच्या रस्त्यांनी सावकाश हिंडावे. गेल्या उन्हाळ्यात डेन्मार्क देशाच्या जटलंड प्रांतात असे हिंडण्याचा योग आम्हांस आला. त्यावरून सुचलेले विचार संस्थेच्या सभासदांपुढे ठेवीत आहोत.

प्रवासाच्या सोयीविषयी थोडक्यात सांगणे पुरे. वाहन उजव्या अंगाने हाकावे लागते व दिवसाउजेडीही दिवे लावावे लागतात. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर व वस्तीत ५० किलोमीटर ही सामान्य मर्यादा असून लोक ती पाळतात. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढ चालू असतो त्या दिवसांत तेथे सुमारे साडेसतरा तासांचा दिवस असतो. त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतरही शेते पाहत फिरता येते.

प्रथम नजरेत भरते ती घरांची मांडणी. आपल्याकडे गावठाण एकीकडे व शेते दूरवर पसरलेली. तेथे बहुतेक शेतकऱ्याचे घर, गोठा व कोठार त्याच्या शेतातच उभे असते. ही मांडणी आपोआप झालेली नाही. अठराव्या शतकात तेथेही एकेका कुळाची जमीन गावाच्या शिवारात लहानलहान पट्ट्यांनी विखुरलेली असे व पेरणी-कापणी सर्व गावाने एकाच वेळी करावी लागे. १७८१ च्या कायद्याने हे पट्टे एकत्र करून प्रत्येकास सलग जमीन देण्याच्या कामास जोर आला. काही गावांत तर गाव मध्यभागी ठेवून चक्राच्या आऱ्यांप्रमाणे जमिनी वाटल्या गेल्या. पुढे १७८८ साली शेतकरी पुरुषास जन्मगावच्या जमीनदारीशी बांधून ठेवणारा निर्बंधही उठविण्याचे ठरले. ज्यांचे वाटे दूर गेले त्यांनी घरे मोडून नव्या शेतात नेली. म्हणजे आज मोटारीतून जे रम्य चित्र दिसते ते मुळात एका मोजणीचे व पुष्कळ तडजोडींचे फळ आहे. आपल्या प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ साली झाला. तथापि सातबाऱ्यावर एकाचे नाव व ताबा दुसऱ्याचा, असे तंटे इतके माजले की, २०२३ साली सरकारला सलोखा योजना काढून नाममात्र शुल्कात अदलाबदलीची दस्तनोंदणी करून देण्याची व्यवस्था करावी लागली. कायदा कागदावर होतो. सलग शेत मात्र शेजाऱ्याशी बोलल्याखेरीज होत नाही.

दुसरा धडा माळरानाचा. जटलंडच्या मध्यभागी व पश्चिमेस पूर्वी कोसचे कोस वाळूचा ओसाड माळ होता. १७५९ च्या सुमारास राजाने जर्मन कुटुंबे बोलावून तेथे वसविली. त्यांनी बटाट्याची लागवड केली म्हणून लोक त्यांना ‘बटाटे-जर्मन’ म्हणत. पण बरीच कुटुंबे टिकली नाहीत. पुढे १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याकडून पराभव होऊन श्लेस्विग व होल्स्टाइन हे सुपीक प्रांत डेन्मार्कच्या हातचे गेले. तेव्हा बाहेर गमावले ते घरात मिळवावे, या विचाराने १८६६ साली माळजमीन सुधारणारी एक संस्था निघाली. तिचा चालक एन्रिको दाल्गास हा मूळचा लष्करी अभियंता असून जटलंडात सडका बांधण्याचे काम करीत असे. सडक आखता आखता त्याने त्या मातीचा अभ्यास केला. वरच्या राखी वाळूखाली लोह व कुजके द्रव्य साठून बनलेला एक कठीण थर असतो. मुळे त्यात शिरत नाहीत व पाणीही मुरत नाही. खोल नांगरटीने तो थर फोडणे, चुनखडीयुक्त चिकणमाती आणून जमिनीचा आंबटपणा घालविणे व वाऱ्यास अडविण्यासाठी झाडांच्या रांगा लावणे, हे उपाय ठरले. स्प्रूसची रोपे एकटी लावली असता खुरटत, पण सोबत डोंगरी पाइनची रोपे लावली की जोम धरीत, हा अनुभवही तेव्हाचाच. शेताशेतांच्या बांधांवरील वृक्षांच्या त्या रांगा आज रस्त्याने जाताना दोन्ही हातांस दिसतात. विबोर्गजवळ राखून ठेवलेल्या मूळ माळावर, जमीन लागवडीस आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या स्मरणार्थ त्यांची नावे कोरलेले पाषाण उभे केले आहेत. सेनापतींची स्मारके सर्वत्र आढळतात. नांगरधाऱ्यांचे असे स्मारक विरळा.

आता मुख्य विषयाकडे वळू. एस्ब्यर्ग बंदराच्या उत्तरेस येदिंग नावाचे एक लहानसे गाव आहे. येथे १८८२ साली डेन्मार्कमधील पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. ती इमारत संग्रहालय म्हणून जतन केली आहे; बाहेरून पाहता एखाद्या साध्या घराहून ती निराळी वाटत नाही. परंतु येथे जे घडले त्याने एका राष्ट्राच्या शेतीचे वळण बदलले. १८७० नंतर अमेरिकेचे व रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले व धान्यावर जगणारा डॅनिश शेतकरी बुडू लागला. धान्य विकण्याऐवजी ते गुरांना घालून लोणी विकावे, ही युक्ती उघड होती. पण चांगले लोणी फक्त बड्या जमीनदारांच्या वाड्यांवर होई. दोन-चार गाईंच्या धन्याचे लोणी जाडेभरडे ठरून हलक्या दराने जाई. १८७८ च्या सुमारास दुधातून सतत साय काढणारे यंत्र निघाले, आणि अनेकांचे दूध एकत्र करून एकाच प्रतीचे लोणी काढणे शक्य झाले. यंत्र सर्वांनाच उपलब्ध होते. येदिंगच्या शेतकऱ्यांनी त्याभोवती नियमांची जी बैठक घातली तीच खरी विशेष होय.

ते नियम अल्पावधीत देशभर पसरले. घरखर्चापुरते ठेवून बाकीचे सर्व दूध संस्थेसच घालावे. नफा दुधाच्या प्रमाणात वाटावा. साय काढलेले दूध शेतकऱ्यास परत द्यावे. कर्जाची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यावी. आणि मत देताना माणसे मोजावीत, गाई मोजू नयेत, हे त्यांचे सार. शंभर गाईंच्या मालकास एक मत व दोन गाईंच्या मालकासही एकच! परत आलेल्या दुधावर डुकरे पोसली जाऊ लागली. १८८७ साली होर्सेन्स येथे पहिला सहकारी मांस-कारखाना निघाला. १८९५ साली अंडी निर्यात करणारा सहकारी संघ निघाला. त्यात प्रत्येक अंड्यावर उत्पादकाच्या क्रमांकाचा शिक्का असे. परदेशातील गिऱ्हाइकाच्या हाती नासके अंडे गेले तर ते कोणत्या घरचे, हे उमगत असे. त्याच १८९५ साली वायेन येथे गाई-नोंदणी मंडळ निघाले. त्याचा नोकर ठरलेल्या मुदतीने गोठोगोठी जाऊन प्रत्येक गाईचे दूध, त्यातील स्निग्धांश व खाल्लेला चारा यांची नोंद करी. कोणती गाय धन्यास पोसते व कोणत्या गाईस धनी पोसतो, हे त्या वहीवरून कळे. १९०० च्या सुमारास त्या लहानशा देशात हजाराहून अधिक सहकारी दुग्धशाळा चालू होत्या.

या सर्व योजनांचे मर्म एकच आहे, ते म्हणजे हिशेब. शेजाऱ्याविषयीचा विश्वास हा तेथे भाबड्या सद्भावनेवर उभा राहिलेला नसून मोजमापावर उभा आहे. खेड्यातील रस्त्यांच्या कडेला आजही लहान मांडण्या दिसतात. त्यांवर बटाटे, स्ट्रॉबेरी, मध ठेवलेला असतो, भाव लिहिलेला असतो, पैशाची पेटी किंवा मोबाइलने पैसे भरण्याचा क्रमांक असतो, आणि विकणारा कोणी नसतो. हे पाहून ‘काय त्यांची सचोटी!’ असे उद्गार निघतात. आमचे मत असे की, सचोटी ही कोणत्याही जातीच्या रक्तात नसते. पिढ्यान्पिढ्या स्वच्छ मापाने मोजत राहिल्याने ती अंगवळणी पडते. आपल्या सहकारी संस्थांत जेथे दुधाचे माप व स्निग्धांशाची तपासणी सभासदाच्या डोळ्यांदेखत होते, तेथे संस्था तरते. जेथे त्याविषयी संशय शिरतो, तेथे सभासद चोरून दुसरीकडे दूध घालतो व संस्था पोखरली जाते. हे कोणा डॅनिश मनुष्याने येऊन सांगावे असे नाही.

परंतु हिशेब ठेवण्यास, सभेत उठून बोलण्यास व प्रसंगी आपल्याच अध्यक्षास प्रश्न विचारण्यास मन तयार व्हावे लागते. ते काम तेथील लोकविद्यालयांनी केले. धर्मोपदेशक ग्रुंट्विग याच्या विचारांवरून १८४४ साली रोदिंग येथे पहिले असे विद्यालय निघाले. १८६४ नंतर तो भाग परसत्तेखाली गेल्यामुळे १८६५ साली त्याचे कार्य आस्कोव येथे सुरू झाले. प्रौढ शेतकरी मुले कामाच्या सवडीने काही महिने तेथे राहत. परीक्षा नाही, पदवी नाही. इतिहास, भाषा, गाणी व चर्चा. ‘याचा शेतीस काय उपयोग?’ असे कोणी विचारील. उत्तर असे की, तेथून परतलेले तरुण पुढे दुग्धशाळांच्या पंचमंडळांवर दिसू लागले. याच आस्कोवच्या विद्यालयात पौल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली वाऱ्याच्या चक्कीपासून वीज निर्माण करण्याचे प्रयोग आरंभिले. आज त्या देशाच्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज वाऱ्यापासून मिळते.

येथवर वाचून कोणी समजेल की आम्ही केवळ स्तुतिपाठ करीत आहोत. तसे नाही, उलट आमच्या मते त्या रस्त्यांवरील सर्वांत मोलाचा धडा पुढेच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या देशात सुमारे दोन लाख शेतकरी-घरे होती. आज ती संख्या तीस-पस्तीस हजारांच्या आसपास उतरली आहे. गावोगावच्या दुग्धशाळा एकमेकींत मिसळत मिसळत थोड्याशा प्रचंड संस्था उरल्या. जुन्या दुग्धशाळेची इमारत ओळखू येते, पण तीत कोणाचे तरी राहते घर झालेले असते. डुकरांची संख्या माणसांच्या जवळजवळ दुप्पट आहे. शेतांतील जादा नत्र ओढ्यानाल्यांतून खाड्यांत गेले. १९८६ साली मेलेल्या शेवंड्यांची चित्रे लोकांनी पाहिली, तेव्हा १९८७ साली पाण्याच्या रक्षणाची पहिली मोठी योजना आली; तरीही १९९७ च्या उन्हाळ्यात मारियागेर खाडीतील प्राणवायू संपून तीतील जीवसृष्टी नाश पावली. पश्चिम किनाऱ्याजवळील स्केर्न नदी १९६० च्या दशकात सरळ कालव्यात कोंडून तिच्या दलदलीची शेते केली. ते काम त्याच माळसुधारक संस्थेने केले. परंतु जमीन खचू लागली व लोहमिश्रित गाळ खाडीत जाऊ लागला. अखेर या शतकाच्या आरंभी सरकारने मोठा खर्च करून नदीस पुन्हा वळणे दिली. जवळचे फिलसो सरोवरही शेतीसाठी आटविले होते; २०१२ साली ते पुन्हा पाण्याने भरण्यात आले. आणि २०२४ साली शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, सरकार व निसर्गरक्षक यांच्यात असा करार झाला की, २०३० पासून गुराढोरांच्या वायूंवर कर बसावा व पुष्कळ जमीन लागवडीतून काढून वनास व पाण्यास परत द्यावी. आजोबांनी घामाने मिळविलेली जमीन नातवाने पैसे खर्चून परत करावी, याहून बोलका धडा कोणता?

काही जण म्हणतील की तो देश लहान, पाऊस बारमाही, माणसे सधन. त्याचे उदाहरण मृगाच्या पावसावर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास काय कामाचे? पीकपद्धती घ्यावी असे आम्ही म्हणतच नाही. पण १८६४ साली तो देश हरलेला होता व त्याचा माळ ओसाड होता, हे विसरू नये. सलग शेते, शिक्षण व सहकार या गोष्टी तेथे आधी आल्या. मोठी यंत्रे फार मागाहून आली. आपण मात्र शेवटची पायरी प्रथम चढू पाहतो आणि कर्ज काढून ट्रॅक्टर दारात आणतो.

म्हणून सभासदांपुढे चार सूचना ठेवतो. एक, दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून एका शिकलेल्या मुलाकडे प्रत्येक गाई-म्हशीचे दूध व खुराक यांची मासिक नोंद सोपवावी. वर्षअखेर ती वही सर्वांपुढे वाचावी. दोन, ज्यांचे ताबे एकमेकांच्या नावावर अडकले आहेत त्यांनी कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी सामोपचाराने अदलाबदल करावी. तीन, उन्हाळ्याच्या सवडीत संस्थेने तरुणांसाठी पंधरा दिवसांचे वर्ग भरवावेत, व त्यांत ताळेबंद वाचणे आणि सभा चालविणे शिकवावे. चार, युरियाची पोती वाढविण्याआधी माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. कारण आपल्या विहिरीतले पाणी आपलीच मुले पितात.

यांपैकी एकाही सूचनेस परदेशी यंत्र लागत नाही, की सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या सूचनेस तर एक वही, एक माप व एक काटा पुरे आहे. येत्या दसऱ्यापूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातील निदान एका गावाने ती अमलात आणावी व वर्षाने आपला हिशेब याच मासिकात प्रसिद्ध करावा, अशी आमची विनंती आहे.