कर भरा, मत मागू नका : अमेरिकेच्या राजधानीतील विसंगती

१/ 'प्रतिनिधित्वाविना कर' ही वसाहतकाळातील तक्रार २००० सालापासून वॉशिंग्टन डी.सी.च्या मोटारींच्या नंबरप्लेटवर छापली जाऊ लागली. या वेळी ती ब्रिटिश राजाविरुद्ध नव्हती. अमेरिकेच्याच काँग्रेसविरुद्ध होती.

२/ मूळ वाद १७६५ चा. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने स्टॅम्प अ‍ॅक्टद्वारे वसाहतींतील दस्तऐवज, वृत्तपत्रे, इतकेच नव्हे तर खेळायच्या पत्त्यांवरही कर बसवला. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले. आपल्या संमतीवाचून आपल्यावर कर लादता येणार नाही, असे त्यांनी ठरावाद्वारे बजावले.

३/ यावर ब्रिटिशांचे उत्तर तयार होते. मँचेस्टरलाही स्वतःचा सदस्य नाही. पार्लमेंटचा प्रत्येक सदस्य साऱ्या प्रजेचाच प्रतिनिधी असतो! हा 'आभासी प्रतिनिधित्वा'चा युक्तिवाद वसाहतींनी धुडकावला. ज्याला आपण निवडू शकत नाही आणि पदावरून दूरही करू शकत नाही, तो आपला प्रतिनिधी कसा?

४/ पुढे १७८३ मध्ये थकलेल्या वेतनासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभास्थानाला वेढा घातला आणि पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने संरक्षण देण्याचे टाळले. त्यामुळे राजधानी कोणत्याही राज्याच्या अधीन नसावी, हा विचार बळावला. १७८७ च्या संविधानात तशी तरतूद झाली.

५/ त्याची किंमत मात्र नागरिकांनी मोजली. १८०१ च्या कायद्यानंतर तेथील रहिवासी काँग्रेसच्या मतदानातून बाहेर फेकले गेले. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतील मत त्यांना १९६१ मध्ये, तेविसाव्या घटनादुरुस्तीने मिळाले. प्रतिनिधिगृहात त्यांचा एक सदस्य बसतो, परंतु विधेयकाच्या अंतिम मतदानात त्याला मत नाही. सिनेटमध्ये तर कोणीच नाही. संघराज्याचा प्राप्तिकर मात्र पूर्ण भरावा लागतो.

६/ २०२० च्या जनगणनेत डी.सी.ची लोकसंख्या ६,८९,५४५ होती, तर वायोमिंगची ५,७६,८५१. वायोमिंगला दोन सिनेटर आणि एक पूर्णाधिकारी प्रतिनिधी आहे.

७/ हे बदलू पाहणारी घटनादुरुस्ती काँग्रेसने १९७८ मध्ये संमत केली. ३८ राज्यांची मान्यता आवश्यक असताना मुदतीत केवळ १६ राज्यांनी ती दिली आणि १९८५ मध्ये ती बारगळली. डी.सी.ला राज्याचा दर्जा देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२१ मध्ये संमत केले. सिनेटने ते केले नाही.

८/ विरोधकांचा एक मुद्दा रास्त आहे : केंद्रीय सत्तेचे आसन एखाद्या राज्याच्या मर्जीवर असू नये. परंतु त्यासाठी संसद भवन आणि व्हाइट हाउसचा परिसर वेगळा ठेवणे पुरेसे आहे; या विधेयकांत तीच योजना होती. नव्या जागा डेमोक्रॅटिक पक्षाला मिळतील, ही भीती खरी ठरण्याचा संभव आहे. मात्र नागरिक कोणाला मत देईल, यावरून त्याला मत द्यावे की नाही हे ठरत नसते.

९/ काँग्रेस साऱ्या देशाची आहे, म्हणून ती डी.सी.चेही हित पाहते, असे म्हणणे म्हणजे १७६५ मधील ब्रिटिशांचेच उत्तर पुन्हा देणे होय. ते तेव्हा अमान्य होते. आजही मान्य होण्याचे कारण नाही.