गाडीतला डबा

नांदेडहून मुंबईला जाणारी तपोवन एक्स्प्रेस सकाळी सुटते. परभणी मागे पडली की डब्यात डबे उघडायला लागतात. समोरच्या काकू दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढतात, खिडकीशी बसलेल्यांची पुरी-भाजी निघते, कुणी ठेचा पुढे करतं. शिकायला मुंबईत होतो तेव्हा मी अशा वेळी बॅग मांडीवर घट्ट धरून मोबाईलमध्ये डोकं घालायचो. बॅगेत अम्मीनं पहाटे उठून केलेली खिचडी असायची, वर कीमा, आणि झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत खट्टा. एकदा काकूंनी विचारलंच, "बाळा, जेवत का नाहीस?" म्हटलं, "घरून जेवून निघालोय." नाशिकला उतरून वडापाव खाल्ला. रात्री हॉस्टेलवर डबा उघडला तर खिचडी आंबली होती. अम्मीचा फोन आला तेव्हा मात्र "मस्त झाली होती" असं सांगितलं.

एका दिवसात दोन खोटं बोललो, आणि तेही खिचडीपायी.

ही गोष्ट सांगितली की आता लोक लगेच म्हणतात, बरोबरच केलंस. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये, इगतपुरीजवळ, सत्तरी ओलांडलेल्या एका बुजुर्गांना मारहाण झाली. कल्याणला लेकीकडे निघाले होते, सोबत बरणीत मांस होतं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यानंतर कुठल्याही अब्बांना, चाचांना "डबा उघडा, घाबरू नका" असं सांगायची माझी हिंमत नाही. भीतीला कारण आहे आणि ते कारण दूर करणं हे पोलिसांचं, सरकारचं, त्या डब्यात गप्प बसून राहिलेल्यांचं काम आहे. म्हाताऱ्या माणसानं धाडस दाखवायचं, हा त्यावरचा उपाय नव्हे.

पण माझी गोष्ट त्याच्या कितीतरी वर्षं आधीची आहे. मला कुणी धमकावलं नव्हतं. काकू प्रेमानंच विचारत होत्या. मला भीती नव्हती, लाज होती. कीम्याचा वास येईल, कुणीतरी नाक मुरडेल, मग "तुम्ही लोक" अशी सुरुवात होईल. आज भीतीचं नाव घेऊन आपण ही लाजही झाकतो, असं मला वाटतं. कॉलेजच्या कँटीनमध्ये, ऑफिसच्या टेबलावर, जिथे फार तर कुणीतरी भुवई उंचावेल, तिथेही आपला डबा अर्धवट झाकणाआडून खाल्ला जातो.

आणि त्या झाकणाखाली असतं काय? ऑफिसात मला दर ईदला विचारतात, "बिर्याणी कधी?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मुसलमान म्हणजे बिर्याणी, हे आता आपणही मान्य करून टाकलंय. लग्नात बिर्याणी, स्टेटसवर बिर्याणी, गावाचं नाव निघालं तरी "आमच्याकडची बिर्याणी". आमच्या घरात बिर्याणी महिन्यातून एकदा होत असेल. बाकीचे दिवस ज्वारीची भाकरी, अंबाडी घातलेलं गोश्त, दालचा, तिळाची चटणी, आणि सुट्टीच्या सकाळी खिचडी-खट्टा. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. खिचडी-खट्टा तिकडचाही आहे, आमचाही. कोकणातल्या मित्राकडे गेलो तर त्याच्या आईनं तांदळाची वाफवलेली सांदणं आणि नारळाचं दूध पुढे ठेवलं. मला ते काय आहे हेच माहीत नव्हतं. मीही मुसलमान, तोही मुसलमान, दोघंही मराठी शाळेत शिकलेले, आणि एकमेकांच्या ताटाला परके. औरंगाबादचा नान-खलिया तर प्रसिद्धच आहे. तुघलकाच्या फौजेसोबत तो आला असं तिथले लोक सांगतात. फौज गेली, खलिया राहिला. खरं-खोटं इतिहासकार बघतील, मी रस्सा पुसून खातो.

आम्ही घरी दखनी बोलतो. त्या दखनीत "नको" हा शब्द मराठीतून आलाय आणि तो आम्ही दिवसातून शंभर वेळा वापरतो. ताटातली भाकरीही अशीच, कुणाला न विचारता आलेली.

एका मैत्रिणीला हे सगळं सांगत होतो तेव्हा ती चिडली. म्हणाली, "म्हणजे आता मी डब्यात भाकरी दाखवून मराठी असल्याचं सिद्ध करायचं? माझा डबा काय परीक्षेचा पेपर आहे?" तिचं म्हणणं मला पटतं. सिद्ध करायला डबा उघडू नका. भूक लागलीय म्हणून उघडा. मात्र कुणी विचारलं "हे काय?" तर "असंच काहीतरी, आमच्याकडचं" म्हणून विषय संपवू नका. नाव सांगा. नाव माहीत नसेल तर ती आपली चूक आहे.

कारण खरी अडचण तिथेच आहे. नावं माहीत असतात घरातल्या बायकांना, आणि करताही त्यांनाच येतं. आम्ही मुलगे जेवतो आणि बाहेर बढाया मारतो. मी तिशी ओलांडेपर्यंत खट्टा कशाचा करतात हे विचारलं नव्हतं. मग एका रविवारी फोन स्पीकरवर ठेवून केला. तीळ आणि शेंगदाणे भाजून वाटायचे, चिंचेच्या कोळात पातळ करायचे, वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. "चिंच किती?" "अंदाजे से." "अंदाजे म्हणजे किती, अम्मी?" तिला हसू आवरेना. पहिला खट्टा इतका आंबट झाला की दात आंबले. तिसऱ्या वेळी जमला. तेव्हा हेही कळलं की तीळ भाजण्यापासून बाटली भरण्यापर्यंत माझ्या प्रवासासाठी ती किती वाजता उठत असेल.

मागच्या महिन्यात पुन्हा तपोवनमध्ये होतो. सेलू गेल्यावर डबा उघडला. छातीत थोडं धडधडलं, खोटं कशाला सांगू. शेजारचे काका माळकरी होते. त्यांनी बाटलीकडे बघून विचारलं, "आमटी का?" म्हटलं, "खट्टा. तीळ, शेंगदाणे, चिंच." कीमा होता हेही सांगितलं. ते म्हणाले, "मग आमचं काही जमायचं नाही बुवा. पण आमच्या घरी चिंचेचं सार करतात, त्यातलंच दिसतंय." आणि लिंबाचं लोणचं माझ्या झाकणावर वाढलं. खिचडीबरोबर चांगलं लागलं. जालन्यापर्यंत ते सोयाबीनच्या भावावर बोलत राहिले.

दादरला उतरल्यावर अम्मीला फोन केला. खाल्लं का, उरलं का, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाली, "बाटली वापस लाना, नको भूल."