कंस नसले म्हणून काय बिघडलं?

सी शार्पमधल्या प्रॉपर्टीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप घरच्याच जाणकाराचा आहे. जेफ्री रिक्टर यांनी सीएलआरवरच्या आपल्या पुस्तकात स्पष्टच लिहिलंय की डॉट नेटमध्ये प्रॉपर्टी नसत्या तर बरं झालं असतं. प्रॉपर्टी दिसते फील्डसारखी, पण असते मेथड. ती एक्सेप्शन फेकू शकते, वेळ खाऊ शकते, दोनदा विचारलं तर दोन वेगळी उत्तरं देऊ शकते. जावाच्या वळणावर वाढलेले लोक हाच धागा पकडून म्हणतात: सरळ गेट आणि सेट लिहा, कंस द्या, म्हणजे इथं कोड चालतो हे वाचणाऱ्याला कळेल तरी.

कोड चालतो हे कळेल, मान्य. पण किती चालतो, हे कंस कुठे सांगतात? जावाच्याच लायब्ररीत बघा. अ‍ॅरेलिस्टचं गेट आणि लिंक्डलिस्टचं गेट लिहायला अगदी सारखं. पहिलं थेट जागेवर पोचतं. दुसरं जवळच्या टोकापासून एकेक नोड ओलांडत जातं. लाखभर घटकांच्या लिंक्डलिस्टवर क्रमांकांचा लूप लावला की प्रोग्राम रखडलाच, आणि कंस तर होतेच! सी शार्पच्या लिंक्डलिस्टला मात्र इंडेक्सरच, म्हणजे चौकटी कंसांनी वापरायची प्रॉपर्टीच, दिलेला नाही. चौकटी कंसात क्रमांक लिहिला तर कोड कंपाइल होत नाही. मागितलेला घटक झटकन देता येत नसेल तर इंडेक्सर देऊच नये, एवढा विवेक तिथं दाखवलाय. डिक्शनरीचंही तसंच: नसलेली की वाचली तर ती एक्सेप्शन फेकते. सी प्लस प्लसच्या मॅपमध्ये चौकटी कंसानं नुसतं वाचायला जावं, तर नसलेली नोंद गुपचूप तयार होते. दोष द्यायचा तर अशा रचनेला द्यावा, इंडेक्सर या कल्पनेला नव्हे.

मंडनाचा मुख्य आधार जुना आहे. मूल्य साठवलेलं आहे की मोजून काढलेलं, हे वापरणाऱ्याला कळण्याची गरज नसावी, असं बर्ट्रांड मेयर यांनी १९८८च्या पुस्तकात मांडलं. एसीचा क्लास घ्या. 'एसी.तापमान += १' हे वाचायला जितकं सरळ, तितकं 'एसी.सेटतापमान(एसी.गेटतापमान() + १)' नाही. १६ ते ३० अंशांची मर्यादा सेटच्या आत तपासली जाते. बाहेरच्यानं त्याची फिकीर का करावी? उद्या तापमान सेन्सरवरून मोजायचं ठरलं तरी ही ओळ तशीच राहते. सुरुवातीला सार्वजनिक फील्ड ठेवून नंतर प्रॉपर्टी केली, तर मात्र आधी कंपाइल केलेले सगळे वापरकर्ते पुन्हा कंपाइल करावे लागतात. म्हणून ती पहिल्या दिवसापासूनच हवी.

रिक्टर यांचा एक दाखला मला खोडता येत नाही. डेटटाइमचं 'नाऊ' ही प्रॉपर्टी आहे, आणि ती दर वेळी वेगळं उत्तर देते. ती मेथडच हवी होती; पायथॉन आणि जावा, दोन्हींत ती मेथडच आहे. प्रॉपर्टी रेफ म्हणून पाठवता येत नाही ही तक्रारही खरी, पण ती हलकी आहे. कंपायलर तिथल्या तिथे अडवतो, फसवणूक होत नाही.

खरा रोग वेगळाच आहे आणि विरोधक त्याकडे बघतच नाहीत. २००७मध्ये सी शार्प ३नं ऑटो प्रॉपर्टी आणल्या आणि प्रत्येक फील्डपुढे 'गेट; सेट;' चिकटवण्याची साथ आली. बँक खात्याच्या शिल्लक रकमेला सार्वजनिक सेट कशाला? तिथं 'जमा' आणि 'काढा' या मेथडच हव्यात. नुसता सेट काढूनही भागत नाही. वर्गातल्या विद्यार्थ्यांची लिस्ट फक्त गेटनं बाहेर दिली, तरी कुणीही तिच्यावर 'क्लिअर' चालवून हजेरीपट कोरा करू शकतो. तिथं प्रॉपर्टीचा टाइप आयरीडओन्लीलिस्ट ठेवावा. २०१२पासून तो डॉट नेटमध्ये आहे.