‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं? ऊसतोड महिलांच्या थकव्यामागचं विज्ञान

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंडा, कळंब, वाशी भागातून अनेक कुटुंबं संसार ट्रॅक्टरमध्ये भरून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवायची. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटते ती याच अंगमेहनतीवर. एक दिवस खाडा झाला की दंड.

या भागात एक वाक्य सर्रास ऐकू येतं, “तिची पिशवी काढलीय.” पिशवी म्हणजे गर्भाशय.

शेजारच्या बीडमुळे हा विषय 2019 मध्ये देशभर गाजला. तीन वर्षांत तिथल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 महिलांची गर्भाशयं काढल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात दिली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे जवळपास 17 टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये 15 ते 49 वयोगटात देशाचं प्रमाण 3.2 टक्के होतं.

तेव्हा चर्चा झाली ती डॉक्टर, मुकादम आणि पैशांची. ती व्हायलाच हवी होती. पण ऑपरेशननंतर त्याच बाईला पुन्हा फडात उतरायचं असतं, तेव्हा तिच्या स्नायूंचं काय होतं, हा प्रश्न मागेच राहिला.

इस्ट्रोजेनचा स्नायूंशी काय संबंध?

इस्ट्रोजेन म्हणजे फक्त पाळीचं हार्मोन, असा समज आहे. पण ते ओळखणारे रिसेप्टर हाडं, मेंदू आणि हातापायांच्या स्नायूंमध्येही असतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत, अल्फा आणि बीटा. इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटलं की तो पेशीच्या केंद्रकात काही जनुकं चालू करतो, काही बंद.

स्नायूंच्या तंतूंना चिकटून ‘सॅटेलाइट पेशी’ नावाच्या राखीव पेशी असतात. 1961 मध्ये त्यांचा शोध लागला. एरवी त्या झोपलेल्या असतात. जड काम करताना तंतू फाटले की जाग्या होतात, विभागतात, काही जणी तंतूत मिसळून तो सांधतात, तर काही पुन्हा राखीव साठ्यात जातात. रोज मोळ्या वाहणाऱ्या शरीराला हा साठा किती लागत असेल, याचा अंदाज करा.

2019 मध्येच ‘सेल रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. मादी उंदरांची अंडाशयं काढल्यावर पाच वेगवेगळ्या स्नायूंमध्ये या राखीव पेशी 30 ते 60 टक्क्यांनी घटल्या. अल्फा रिसेप्टर फक्त या पेशींमधून काढून टाकला, तरी साठा पुन्हा भरेना आणि जखमी स्नायू नीट सावरेना. उंदरावरून थेट माणसाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. पण याच अभ्यासात पाळी जाण्याच्या टप्प्यातल्या महिलांच्या स्नायूंचे नमुनेही तपासले होते आणि पाळी गेल्यानंतर या पेशी कमी झाल्याचं त्यांतही दिसलं.

मग गर्भाशय काढलं की ताकद जाते का?

इथेच ‘पिशवी’ हा शब्द घोटाळा करतो. इस्ट्रोजेन गर्भाशयात बनत नाही. पाळी येते त्या वयात ते मुख्यतः अंडाशयांत बनतं. फक्त गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं काम करत राहतात. काही जणींमध्ये मात्र ती वेळेआधीच मंदावतात. दोन्ही अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं. पाळी जाताना शरीराला सवय व्हायला जी काही वर्षं मिळतात, ती इथे मिळत नाहीत.

घरी दोन्ही शस्त्रक्रियांना एकच नाव, “पिशवी काढली.” त्यामुळे पस्तिशीतली बाई अंग मोडून आल्याचं, मोळी पेलत नसल्याचं सांगते तेव्हा “ऑपरेशनमुळे असं होतंच” म्हणून विषय संपतो. अर्थात, थकव्याचं कारण प्रत्येक वेळी हार्मोनच असेल असं नाही. रक्त कमी असणं, डाळ-अंडी पोटात न जाणं, पहाटेपासूनचं काम हेही असतंच. म्हणूनच कारण तपासावं लागतं.

कागद काढून बघा

डिस्चार्ज कार्डावर किंवा शस्त्रक्रियेच्या नोंदीत गर्भाशयासोबत अंडाशयं काढली का, एक की दोन्ही, हे लिहिलेलं असायला हवं. कागद हरवला असेल तर रुग्णालयाकडे नोंदीची प्रत मागता येते. पोटाच्या सोनोग्राफीतूनही बऱ्याचदा अंदाज येतो. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढली असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनच्या गोळ्यांबद्दल जरूर विचारावं. दुसरी काही अडचण नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत त्या दिल्या जातात. मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावं आणि गोळ्या मनाने घेऊ नयेत.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर सही करण्याआधी विचारायचं ते हेच: अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का?