गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याआधी: काशीतल्या मराठी घरांना

काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना हे सांगायचं आहे. तुम्ही ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेजवळच्या जुन्या वाड्यात असा, नाहीतर लंका, सिगरा, शिवपूर, सारनाथकडच्या नव्या घरात असा. गच्चीवर सौर पॅनेल बसवावं का, हा विषय आता घरोघरी निघतो. दारावर माणसं येतात, फोन येतात, शेजारच्या गच्चीवर निळ्या काचा दिसू लागतात.

काम चांगलं आहे. जमत असेल तर जरूर करा. पण कुणाच्या हातावर पैसे ठेवण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा: कागद, गच्ची आणि विजेचं बिल. पॅनेल कुठल्या कंपनीचं घ्यायचं, हे त्यानंतर.

सुरुवात कागदापासून करा, कारण आपल्या जुन्या घरांत काम तिथेच अडतं.

विजेचं बिल काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा. अनेक घरांत ते आजोबांचं असतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल मात्र त्यांच्याच नावाने भरलं जातं. एरवी कुणाचं काही बिघडत नाही. सरकारच्या सौर अनुदान योजनेत बिघडतं. अर्ज ज्याच्या नावाने वीजजोडणी आहे त्याच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात जमा होतं. गेलेल्या माणसाच्या नावाने ह्यातलं काहीच होणार नाही.

म्हणून आधी जोडणी हयात माणसाच्या नावावर करून घ्या. हे काम पूर्वांचल विद्युत वितरण निगमाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात होतं. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, नगर निगमाच्या गृहकराची पावती आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती, एवढं जमवून ठेवा. थकबाकी असेल तर ती फेडा. आधारवर, बँकेत आणि बिलावर नाव एकसारखं लिहिलेलं आहे ना, हेही बघा. आपल्या आडनावांची हिंदीत आणि इंग्रजीत तीन-तीन रूपं झालेली असतात. अक्षराच्या फरकावरूनही पैसे अडकून पडतात.

दुसरा कागद गच्चीचा. वाडा सामाईक असेल तर गच्चीही सामाईक. एक चुलतभाऊ पुण्यात, एक नागपुरात, एक आत्या इंदूरला. ‘ते इथे राहतच नाहीत, त्यांना काय विचारायचं,’ असं म्हणू नका. पॅनेल पंचवीस वर्षं चालायचं असतं. एवढ्या काळात वाटणी होईल, कुणी मजला चढवील, कुणी आपला हिस्सा विकील. आज एका फोनवर मिळणारी संमती तेव्हा मिळणार नाही.

स्टॅम्प पेपरवर चार ओळी लिहून घ्या. गच्चीचा कुठला भाग वापरणार, वीज कुणाच्या मीटरला जाणार, पुढे पॅनेल हलवावं लागलं तर खर्च कुणाचा. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि प्रत्येकाला एक प्रत द्या. नात्यात कागद करायला संकोच वाटतो, हे मला कळतं. तरी करा. गच्चीवरून तुटलेली घरं काशीत कमी नाहीत.

घर घाटालगत असेल तर आणखी एक चौकशी हवी. गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. गच्चीवर उंच लोखंडी मांडव उभारून त्यावर पॅनेल टाकायचा विचार असेल, तर आधी वाराणसी विकास प्राधिकरणात विचारा.

आता गच्ची. स्वतः वर जा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला. सावली कुठे पडते ते खडूने आखा.

हे काम हिवाळ्यात केलं तर उत्तम. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात. त्या दिवसांत साडेतीन फुटी कठड्याची सावली ऐन दुपारी बारालाच चार फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. मे महिन्यात जिथे लख्ख ऊन दिसतं, तिथे डिसेंबरात अर्धा दिवस अंधार असू शकतो. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारच्याचा चढवलेला मजला, पिंपळाची फांदी, सगळं लक्षात घ्या. पॅनेल एका ओळीत जोडलेली असतात. एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं.

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते. तीन किलोवॅटला ३००. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण २५ अंशांचा, हे काशीला मानवतं. सगळी गच्ची भरून टाकू नका. पापड-कुरडया वाळवायला, कपड्यांना, उन्हाळ्यात रात्री झोपायला जागा हवी. पॅनेल धुवायला माणूस सगळीकडे पोचला पाहिजे, एवढी वाट तर हवीच.

छत कशाचं आहे हेही बघा. नव्या घरांत सिमेंटचा स्लॅब असतो, त्याची फारशी काळजी नाही. पक्क्या महालातल्या जुन्या वाड्यांची छतं लाकडी तुळयांवर दगडी पाट आणि वर चुना अशी असतात. त्यात भोकं पाडू देऊ नका. पहिल्याच पावसात पाणी तुळईपर्यंत उतरतं आणि लाकूड आतून कुजतं. एक मोठं पॅनेल सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं असतं. तीन किलोवॅटला तशी सहा लागतात. वर लोखंडी सांगाडा आणि तो धरून ठेवणारे काँक्रीटचे ठोकळे. जुन्या छतावर हे वजन चढवण्याआधी एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवा. त्याची फी द्या, ती वाया जात नाही.

चारी बाजूंनी उंच घरं आणि वर आभाळाचा चौकोन, असा तुमचा वाडा असेल तर मी स्पष्ट सांगते, पॅनेल बसवू नका. विकणारा ‘होऊन जाईल’ म्हणेल. बसवेलही. वीज मात्र येणार नाही. त्या पैशात जुनी वायरिंग बदला, कमी वीज खाणारे पंखे आणि फ्रीज घ्या. बिल त्यानेही उतरतं.

गच्ची बरी निघाली तर मागच्या बारा महिन्यांची बिलं पुढ्यात घ्या. एका महिन्याच्या बिलावर ठरवू नका. जूनमध्ये कूलर आणि एसी चालतात, फेब्रुवारीत पंखासुद्धा लागत नाही. बारा महिन्यांची युनिटं मिळवा आणि बाराने भागा.

एक किलोवॅटपासून रोज सरासरी चार युनिटं धरा, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. मे महिन्यात जास्त. डिसेंबर-जानेवारीत काशीवर दाट धुकं बसतं, तेव्हा बरीच कमी. महिन्याची सरासरी २०० युनिटं असेल तर दोन किलोवॅट पुरे. ३०० च्या वर असेल तर तीन. ‘आणखी मोठं लावा, उरलेली वीज सरकारला विका,’ असं कुणी म्हटलं तर भुलू नका. जास्तीची वीज पुढच्या बिलांत वळती होते ती ठीक. पण हिशेबाचं वर्ष संपताना जी उरते, तिला फारच थोडे पैसे मिळतात. घरात वापरलेलं युनिट खरा फायदा देतं.

बिल शून्य होईल असंही धरू नका. मंजूर लोडवरचा स्थिर आकार द्यावाच लागतो आणि लोड वाढवला की तोही वाढतो.

अनुदानाचं गणित सोपं आहे. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. तिच्यात केंद्राकडून पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठं लावा, रक्कम तेवढीच. उत्तर प्रदेश सरकार वर किलोवॅटला १५,००० देतं, जास्तीत जास्त ३०,०००. तीन किलोवॅटच्या घराला एकूण १,०८,००० झाले. अर्ज करायच्या दिवशी योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर हे आकडे पुन्हा बघून घ्या. पुण्याचे नातेवाईक महावितरणचे नियम सांगतील, ते इथे लागू नाहीत.

दोन गोष्टी मात्र नीट ध्यानात धरा. अनुदान आधी मिळत नाही. पॅनेल बसून, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा) लागून, तपासणी झाल्यावर ते खात्यात येतं. तोवरचे पैसे तुमचे, किंवा बँकेचे. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आतलं कर्ज सरकारी बँका तारण न घेता, कमी व्याजाने देतात. आणि नावात ‘मुफ्त’ असलं तरी पॅनेल फुकट नाही. ‘फुकट बसवून देतो, फक्त नोंदणीचे पाच हजार द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आज रात्री जेवताना सांगा.

आणखी एक गैरसमज घरोघरी असतो. गच्चीवर पॅनेल आहे म्हणजे लाइट गेली तरी घरात वीज राहील, असं लोकांना वाटतं. तसं नाही. बॅटरी नसलेलं साधं पॅनेल लाइट जाताच बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये, म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. घरात आजारी माणूस असेल, ऑक्सिजनचं यंत्र असेल, तर तुमचा जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी काढून टाकू नका.

कंत्राटदार योजनेच्या यादीतलाच निवडा. तिघांकडून लेखी दर मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचा दर हातात असेल तर नवा मागा. पॅनेलमधले सेल भारतात बनलेले असले पाहिजेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. हे बिलावर लिहून घ्या. पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडेच असते, तेही करारात वाचून बघा. ज्याने दोन वर्षांपूर्वी बसवलं आहे अशा घराचा पत्ता मागा, तिथे जा आणि घरातल्या बाईंना विचारा: बोलावल्यावर माणूस येतो का?

दहा किलोवॅटपर्यंत वीज कंपनीची वेगळी तांत्रिक पाहणी आता लागत नाही, अर्ज आपोआप मंजूर धरला जातो. ‘मंजुरीसाठी वरचे द्यावे लागतात’ असं कुणी म्हणालं तर देऊ नका.

बसवायच्या दिवशी घरातलं कुणीतरी गच्चीवर उभं राहा. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला हवा. मे-जूनची आँधी काशीत पत्रे उडवते, म्हणून प्रत्येक बोल्ट तुमच्यासमोर आवळून घ्या. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे असायला हवेत: पॅनेलचा, घरच्या बाजूचा आणि आभाळातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. गल्लीत फरशी असते, माती नसते, म्हणून कंत्राटदार एकाच खड्ड्यात सगळं उरकायला बघतो. वाड्याच्या चौकात जागा असते, ती दाखवा.

आणि माकडं. काशीत ह्यांचा विचार न करता पॅनेल लावूच नये. ती काचेवर उड्या मारतात, ते पॅनेल बहुधा सोसतं. पण लोंबणारी वायर दिसली की ती ओढतात, चावतात, तिला लटकतात. एकही वायर मोकळी ठेवू नका. सगळ्या पाइपात घाला, पॅनेलखालच्या सांगाड्याला घट्ट बांधा आणि खालची पोकळी जाळीने बंद करा. हा खर्च दरपत्रकात नसतो, आधीच सांगून घालून घ्या. संक्रांतीच्या दिवसांत पतंग काढायला मुलं पॅनेलवर चढतात. त्यांना आधीच बजावा. काच फुटेल, आणि दिवसा त्या तारांत जोराचा करंट असतो.

पॅनेल धुवायचं ते पहाटे किंवा सूर्य उतरल्यावर. तापल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी जड असतं, पांढरे डाग धरतं. धुऊन झालं की मऊ फडक्याने किंवा रबरी पट्टीने निपटा. मार्च ते जून धूळ फार, तेव्हा दर आठवड्याला. पावसाळ्यात लागेल तसं.

नेट मीटर लागला की त्याच दिवशी त्यावरच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ठेवा. एक घेतलेल्या विजेचा, एक दिलेल्या विजेचा. पहिलं बिल आलं की ताडून बघा. दिलेली युनिटं बिलात वजा झालेली नसतील तर महिना उलटू देऊ नका. तो फोटो आणि बिल घेऊन उपकेंद्रावर जा, लेखी तक्रार द्या आणि तिचा क्रमांक घेऊनच परत या.