‘पर्सनल’ म्हणजे नेमके कोणाचे?

मिरजेच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षे इंग्रजी शिकवले. नववीच्या वर्गात दरवर्षी एक खेळ घेत असे. फळ्यावर एक सोपा इंग्रजी शब्द लिहायचा आणि मुलांनी त्याचे ठाऊक असतील तितके अर्थ सांगायचे. एका वर्षी ‘पर्सनल’ हा शब्द लिहिला. भराभर हात वर आले. ‘मॅडम, पर्सनल म्हणजे खाजगी.’ ‘पर्सनल म्हणजे स्वतःचा, जसा पर्सनल मोबाइल.’ ‘पर्सनली घेऊ नको म्हणजे मनाला लावून घेऊ नको.’ ‘पर्सनल लोन!’ शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, पर्सनल लॉ.’ मी विचारले, ‘म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘म्हणजे मुसलमानांचा.’ वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

त्या मुलीने विचारलेला नसला तरी तो प्रश्नच होता, हे मला पुढे स्वतःच्या घरात कळले.

२००९ साली आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गृहकर्ज माझ्या यजमानांच्या नावावर होते, म्हणून फ्लॅटही त्यांच्याच नावावर झाला. बयाण्याला पैसे कमी पडत होते, तेव्हा मी माझ्या पगारावर तीन लाखांचे पर्सनल लोन काढले. बँकेतल्या बाबूंनी समजावून सांगितले, ‘मॅडम, याला तारण लागत नाही. तुमची पगाराची स्लिप आणि तुमची सही, बस. फेडायची जबाबदारी फक्त तुमची.’ पाच वर्षे माझ्या पगारातून हप्ता कापला गेला. इथे ‘पर्सनल’चा अर्थ अगदी स्वच्छ होता. कर्ज माझे, सही माझी, हप्ता माझा.

२०१६ साली यजमान गेले. आम्हाला दोन मुली. सासू-सासरे आधीच गेलेले. यजमानांना एकच धाकटा भाऊ. चाळिसाव्यानंतर दीर घरी आले, चहा घेतला आणि मान खाली घालून म्हणाले, ‘भाभी, बुरा मत मानना, पण हिश्श्याचं काय ते एकदा बघायला हवं.’ दीर वाईट माणूस नाही. मुलींच्या शाळेच्या फिया त्यांनीही कधीमधी भरल्या आहेत. कायद्याने जे त्यांचे होते, तेच त्यांनी मागितले.

आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी आहेत. त्या हिशोबाने विधवेला आठवा हिस्सा, दोन किंवा अधिक मुलींना मिळून दोन तृतीयांश, आणि मुलगा नसल्यामुळे उरलेले भावाला. चोवीस भाग केले तर माझे तीन, मुलींचे सोळा आणि दिरांचे पाच. फ्लॅटची किंमत २४ लाख धरली, म्हणजे त्यांचे पाच लाख झाले. मुलगा असता तर दिरांना एक पैसाही मिळाला नसता. दोन मुली होत्या, म्हणून मिळाला.

मी एका सरकारी कार्यालयात चौकशीला गेले. तिथले साहेब म्हणाले, ‘बाई, हा तुमचा पर्सनल मामला आहे, आम्ही त्यात पडत नाही.’ जमातीतल्या एका बुजुर्गांकडे गेले. ते म्हणाले, ‘बेटी, ये पर्सनल लॉ का मामला है, इसमें हम-तुम क्या कर सकते हैं?’ एकाने हा तुझा खाजगी प्रश्न आहे म्हणून दार लावून घेतले. दुसऱ्याने हा साऱ्या समाजाचा प्रश्न आहे म्हणून. शब्द मात्र दोघांचा एकच. शेवटी दिरांना द्यायला मी पुन्हा बँकेत गेले आणि दुसरे पर्सनल लोन काढले. पर्सनल लॉची भरपाई पर्सनल लोनने झाली. त्या दिवशी नववीतली ती मुलगी आठवली.

ज्याला आपण पर्सनल म्हणतो, ते खरोखर व्यक्तीचे असते का? कायद्याच्या भाषेत ‘पर्सनल लॉ’चा अर्थ ‘व्यक्तीच्या मर्जीचा कायदा’ असा कधीच नव्हता. काही कायदे जमिनीला चिकटलेले असतात, त्या हद्दीत राहणाऱ्या सर्वांना ते लागू होतात. काही कायदे माणसाला चिकटलेले असतात, तो कोणत्या धर्मात जन्मला यावरून ते ठरतात आणि तो जाईल तिथे त्याच्या मागे जातात. या दुसऱ्या प्रकाराला ‘पर्सनल’ म्हटले गेले. म्हणजे या शब्दात व्यक्ती आहे ती कायद्याने धरलेली, कायदा निवडणारी नव्हे. आपण रोजच्या बोलण्यात मात्र त्याचा पहिला अर्थ धरून बसतो आणि समजतो, हा आपल्या घरातला, आपल्या मनातला, आपल्या इमानातला कायदा आहे.

हा शब्द कुराणातला नाही, हदीसमधलाही नाही. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या न्यायव्यवस्थेचा आराखडा केला. त्यात वारसा, लग्न आणि धार्मिक रूढींच्या खटल्यांत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावावा असे ठरले. साहेबाला अरबी येत नव्हते. म्हणून बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या अरबी ग्रंथाचे फारसीत भाषांतर झाले आणि चार्ल्स हॅमिल्टनने त्या फारसीवरून १७९१ साली ते इंग्रजीत आणले. न्यायाधीशांच्या टेबलावर असलेली शरियत ही अशी दोन भाषांतरांमधून आलेली होती. फिक्हच्या परंपरेत मतभेदाला, काळाला, परिस्थितीला जागा असते. इंग्रजी पुस्तकात छापल्यावर ती जागा पुष्कळ आक्रसली.

१९३७ चा शरियत कायदा मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. त्याआधी अनेक मुस्लिम समाजांत स्थानिक रूढी चालत आणि तिथे मुलींना वारसाच नसे. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घराण्यांच्या मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला, तेव्हा सर अर्स्किन पेरी यांनी रूढी वरचढ ठरवली आणि मुली हरल्या. त्या पार्श्वभूमीवर १९३७ साली शरियत लागू होणे हे बायकांसाठी पुढचे पाऊल होते. मग १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून विवाह मोडण्याचा हक्क मिळाला. चार वर्षे नवऱ्याचा पत्ता नाही, दोन वर्षे पोटगी नाही, अशी कारणे त्यात नीट लिहिली आहेत. याचा अर्थ इतकाच की ‘पर्सनल लॉ’ कधी कोणी बदललाच नाही, हे खरे नाही. तो कायदेमंडळातच बदलला, आणि आपल्याच लोकांच्या मागणीवरून बदलला. तो दरवाजा १९३९ नंतर आपण कडी लावून का बंद केला, हे आपल्याला विचारायला हवे.

आता न्यायालयाकडे येऊ. आपल्या संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातही हाच शब्द आहे. तिथे तो स्वातंत्र्याला जोडलेला आहे, आपण त्याला व्यक्तिगत स्वातंत्र्य म्हणतो. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाने नरसू अप्पा माळी खटल्यात म्हटले की पर्सनल लॉ हा संविधानाच्या १३व्या अनुच्छेदातल्या ‘कायदा’ या शब्दात येत नाही, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो तपासता येणार नाही. तो निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. म्हणजे एकच विशेषण स्वातंत्र्याला लागले की व्यक्तीचे संरक्षण करते आणि कायद्याला लागले की त्या कायद्यालाच व्यक्तीपासून संरक्षण देते.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच आठवड्यात समोरासमोर आले. २२ ऑगस्टला शायरा बानो खटल्याचा निकाल लागला आणि तीन विरुद्ध दोन अशा मताने तत्काळ तीन तलाक रद्द झाला. विरोधातल्या दोन न्यायमूर्तींनी पर्सनल लॉला मूलभूत हक्काइतके संरक्षण आहे असे लिहिले. दोनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कारण तो व्यक्तीच्या स्वातंत्र्यात आणि प्रतिष्ठेत सामावलेला आहे. मी दोन्ही दिवसांची वर्तमानपत्रे जपून ठेवली आहेत. एकात ‘पर्सनल’ म्हणजे समाज, दुसऱ्यात ‘पर्सनल’ म्हणजे मी.

इथे काही वाचकांना वाटेल की बाई समान नागरी कायद्याची वकिली करायला बसल्या. थांबा. जे लोक आज तो कायदा मोठ्या आवाजात मागतात, त्यांच्यालेखी तरी ‘पर्सनल’ म्हणजे काय? उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीत समान नागरी संहिता लागू झाली. तिच्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या सज्ञान स्त्री-पुरुषांनी सरकारकडे नोंद करायची आहे, नाही केली तर शिक्षेची तरतूद आहे. पर्सनल लॉ गेला आणि त्याच्याबरोबर पर्सनल आयुष्यही गेले. २०१९ च्या तीन तलाकविरोधी कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तो तुरुंगात असताना बायको-मुलांची पोटगी कुठल्या पगारातून निघणार, याचे नीट उत्तर नाही. शेजारच्या मुसलमानाला धडा शिकवायचा म्हणून आणलेली समानता शेजारणीच्या कामाची नसते.

आणि हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेल्या मिळकतीवर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. माझ्या दिरांचे पाच भाग ऐकून हळहळणाऱ्या माझ्या हिंदू मैत्रिणींना हे सांगितले, तेव्हा त्याही गप्प झाल्या. वर्गातल्या मुलीने दिलेले उत्तर अर्धेच होते. पर्सनल लॉ सगळ्यांनाच आहे, चर्चा मात्र फक्त आपल्याच्या होते.

व्यक्तीला कायदा निवडण्याची एक वाट मात्र आज उपलब्ध आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले किंवा झालेले लग्न नोंदवले, तर मुस्लिम जोडप्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचे सर्व मुलांना, मुलगा-मुलगी भेद न करता. केरळमधील वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी तीन मुलींसाठी ८ मार्च २०२३ रोजी, म्हणजे निकाह होऊन जवळपास तीन दशके झाल्यावर, पुन्हा याच कायद्याखाली लग्न केले. त्यांच्यावर टीका झाली. पण त्यांनी कोणाचा धर्म बदलायला सांगितले नव्हते, फक्त आपल्या मुलींचा विचार केला होता. त्या वाटेतही एक गंमत आहे. कार्यालयात दोघांची नावे-पत्ते असलेली नोटीस लागते आणि कोणालाही तीस दिवसांत हरकत घेता येते. समाजाच्या पर्सनल लॉमधून बाहेर पडायचे, तर आपले पर्सनल आधी भिंतीवर चिकटवायचे!

माझे म्हणणे साधे आहे. ज्याला आपण पर्सनल म्हणतो, त्यात निदान व्यक्तीची सही असावी. लग्नाच्या वेळी मुलामुलीला विचारले जावे की वारसा, पोटगी, घटस्फोट यांसाठी तुम्हाला कोणता कायदा हवा. ज्यांना शरियतप्रमाणे वाटणी हवी त्यांनी ती मनापासून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. ज्यांना नको त्यांना हाकलू नये, वाळीत टाकू नये. इमान हे दबावाने येत नाही, हे आपण मिंबरवरून ऐकत आलो आहोत. मग वाटणीच्या कागदावर दबाव कशासाठी?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करा. घर नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर घ्या. मुलींना काही द्यायचे असेल तर हयातीतच हिबा करून ताबा द्या. तोंडी हिबा शरियतला मान्य असला तरी कागद करा, साक्षीदार ठेवा. निकाहनाम्यात अटी लिहून घ्या. आणि मुख्य म्हणजे घरात बोला. मी आणि यजमान पंचवीस वर्षे एका ताटात जेवलो, पण हा विषय कधी काढला नाही. मरणाची भाषा अशुभ वाटली. त्या संकोचाची किंमत पाच लाख आणि त्यावरचे व्याज.

दुसऱ्या पर्सनल लोनचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. धाकटीचे लग्न ठरते आहे. मुलाकडचे लोक भले आहेत. परवा बोलणी चालली असताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, ‘नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची, ते आम्ही दोघे ठरवू.’ मुलाचे वडील जरा चमकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हे कसं काय?’ मी म्हटले, ‘भाईसाब, तो त्यांचा पर्सनल प्रश्न आहे.’