खरकट्यातला पैसा

अजिंठा लेणी पाहून पर्यटक फर्दापूरला जेवतात. उरलेला भात, पोळी उकिरड्यावर जाते. आपल्या हॉटेलवाल्या बांधवांना यात पैसा दिसत नाही, हे नवलच! दह्यातले जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, सिरक्यातले ॲसेटिक. चामडेवाले कातड्यातला चुना काढायला पहिले, रंगारी दुसरे विकत आणतात. ही आम्ले खरकटे आंबवूनही निघतात. पण ती शुद्ध करणे आपल्या ऐपतीबाहेरचे. कोणी कितीही भुलवो, त्यात भांडवल घालू नये.

गॅसचा मार्ग जवळचा. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेला खरकट्यावर चालणाऱ्या गॅस टाकीसाठी २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. टाकीतही आधी आम्लेच होतात, मग मिथेन. खाद्य जास्त पडले की टाकी आंबते, गॅस बंद. चार हॉटेलांनी मिळून एक टाकी घालावी. खरकट्यातले प्लॅस्टिक निवडायला माणूस मात्र रोजचा हवा.